अमेरिकेतून पीएचडी घेऊन आलेल्या केतकरांनी मराठीत २३ खंडांचा ज्ञानकोश उभा केला, त्याची ही गोष्ट

दरवर्षी २ फेब्रुवारीला खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ शिवप्रेमींची गर्दी होते. त्या दिवशी उंबरखिंडीचा विजयदिन साजरा केला जातो. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याहून कोकणात उतरायला निघाला होता. सोबत रायबागनही होती. शिवाजी महाराजांनी त्याला या अरुंद, गर्द झाडीच्या खिंडीत गाठलं, दोन्ही बाजूंनी कोंडलं आणि खंडणी घेऊन, सगळं सामानसुमान ठेवून घेऊन परत पाठवलं.

या दिवशी सोशल मीडियावर उंबरखिंडीच्या पोस्ट धडाधड फिरतात. एका पोस्टमध्ये मुघलांची फौज एवढी असते, दुसऱ्या पोस्टमध्ये तिच्या दुप्पट. तारीखही कुठे एक दिवस पुढे, कुठे एक दिवस मागे. मग प्रश्न पडतो, खरं काय ते बघायचं कुठे? आणि तेही मराठीत?

योगायोग बघा. मराठी माणसाला हे बघायला एक हक्काची जागा असावी म्हणून ज्यांनी अख्खं आयुष्य पणाला लावलं, त्यांचा जन्मही २ फेब्रुवारीचाच. साल १८८४, गाव रायपूर, आत्ताच्या छत्तीसगडची राजधानी. नाव श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे महाराष्ट्र त्यांना ज्ञानकोशकार केतकर म्हणूनच ओळखायला लागला.

अमरावती ते अमेरिका

केतकरांचं शालेय शिक्षण अमरावतीत झालं. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये आले आणि १९०६ मध्ये त्यांनी थेट अमेरिका गाठली.

त्या काळात परदेशी शिकायला जाणारा मराठी मुलगा म्हणजे बहुतेक वेळा इंग्लंड, आणि इंग्लंड म्हणजे बॅरिस्टरी किंवा आयसीएस. केतकरांनी वाट बदलली. ते न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो भारतातल्या जातिव्यवस्थेचा. १९०९ मध्ये त्यांचं 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' हे पुस्तक छापून आलं. तेव्हा त्यांचं वय होतं २५. १९११ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

हे पुस्तक किती दखल घेण्यासारखं होतं, याचा एक पुरावा सांगतो. १९१६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथे त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला, जो आज जगभर अभ्यासला जातो. त्या निबंधात बाबासाहेबांनी जातीच्या ज्या मोजक्या व्याख्या तपासायला घेतल्या, त्यात एक व्याख्या केतकरांची होती. बाबासाहेबांनी ती जशीच्या तशी मान्य केली नाही, तिच्यातली उणीव दाखवली. पण दखल घेतली.

अमेरिकेतून केतकर लंडनला आले. तिथे त्यांची ओळख एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी झाली. तिचा विषय पुढे येईलच.

परत आल्यावर पडलेला प्रश्न

१९१२ मध्ये केतकर भारतात परतले. काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलं. हातात अमेरिकेची डॉक्टरेट, नावावर इंग्रजी पुस्तकं. चांगली नोकरी धरून सुखात राहता आलं असतं.

पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. जगात नवं ज्ञान तयार होतंय, ते सगळं इंग्रजी, जर्मन, फ्रेंचमध्ये आहे. भारताच्या इतिहासावरचं संशोधनसुद्धा याच भाषांत छापलं जातंय. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला स्वतःच्याच गावाचा, स्वतःच्याच समाजाचा इतिहास बघायची सोय नाही.

आता मराठीत कोश नव्हतेच असं नाही. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ मध्ये 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' काढला होता आणि १८८१ मध्ये अर्वाचीन काळावरचा कोश. एकट्या माणसानं त्या काळात केलेलं हे काम मोठंच होतं. बंगालीत नगेंद्रनाथ बसूंचा विश्वकोश १९११ पर्यंत पूर्ण झाला होता. तेलुगूत कोमर्राजू लक्ष्मणराव असाच उद्योग करत होते. हे लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले होते आणि त्यांना मराठीही उत्तम येत होती.

म्हणजे भारतीय भाषांमध्ये वारं सुटलं होतं. पण इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंत, वेदांपासून वाफेच्या इंजिनापर्यंत सगळं एका जागी देणारा आधुनिक ज्ञानकोश मराठीत नव्हता. केतकरांनी तो करायचं ठरवलं.

ज्ञानकोश काढायला कंपनी!

इथे केतकरांनी जे केलं, त्याला आजच्या भाषेत स्टार्टअप म्हणता येईल.

एवढ्या मोठ्या कामाला पैसा कुठून आणायचा? एखादा संस्थानिक गाठायचा, त्याच्या दारात उभं राहायचं, हा त्या काळातला नेहमीचा मार्ग. केतकरांनी १९१६ च्या सुमारास नागपुरात एक लिमिटेड कंपनी उभी केली, 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ'. लोकांना शेअर विकायचे, आगाऊ वर्गणीदार गोळा करायचे आणि त्या पैशावर खंड काढायचे, अशी ही योजना. म्हणजे जो ग्रंथ अजून लिहिलाच गेलेला नाही, त्याच्यासाठी लोकांनी आधी पैसे द्यायचे.

ही वर्गणी मिळवायला गावोगाव फिरावं लागलं. ज्ञानकोश म्हणजे काय, तो घरात कशाला हवा, हे लोकांना पटवावं लागलं. पुढे काम पुण्यात आलं. तिथे कचेरी उभी राहिली, स्वतःचा छापखाना उभा राहिला.

खरी अडचण माणसांची होती. कोशातली नोंद कशी लिहायची, हे शिकलेली माणसंच मराठीत नव्हती. निबंध लिहिणारे भरपूर होते. पण चार पुस्तकं वाचून, त्यातलं नेमकं काढून, स्वतःचं मत बाजूला ठेवून थोडक्यात लिहायचं, हे कसब वेगळं. ते केतकरांच्या कचेरीत माणसांनी काम करता करता शिकलं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही त्यातली दोन नावं. ही नावं लक्षात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा येतात.

आधी पाच खंड प्रस्तावनेचे

ज्ञानकोश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतच्या नोंदी येतात. केतकरांनी पहिले पाच खंड तसे काढलेच नाहीत. ते प्रस्तावना खंड म्हणून काढले. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास, असे त्यांचे विषय.

असं का केलं असेल? समजा तुम्ही एका किल्ल्याची नोंद उघडली. त्यात निजामशाही आली, मुघल आले, जंजिऱ्याचा सिद्दी आला. हे सगळे कोण, कुठून आले, एकमेकांशी त्यांचं काय नातं, हे माहीत नसेल तर नोंद वाचून काही उपयोग नाही. इंग्रजी वाचकाला तो पाया इतर पुस्तकांमधून मिळत होता. मराठीत तशी पुस्तकंच कमी होती. म्हणून केतकरांनी आधी पाया घातला. बुद्धानंतरचं जग सांगणारा चौथा खंड म्हणजे मध्ययुग समजून घ्यायची मराठीतली एक मोठी वाट होती.

त्यानंतर अकारविल्हे नोंदींचे १६ खंड आले. मग एक सूचीखंड आणि एक पुरवणी खंड. एकूण २३. १९२० च्या दशकात हे सगळे खंड एकामागून एक छापून निघाले. साधारण १२ वर्षांचा हा उद्योग. त्याचा इतिहास केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावानं लिहूनही ठेवला.

कर्जत शोधून दाखवा

कोश कसा वापरायचा, हे कळायला एक साधं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही कर्जतचे आहात आणि तुम्हाला आपल्या भागाचा जुना इतिहास शोधायचा आहे.

पहिली गंमत म्हणजे महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगडातला, लोकल जाते तो. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला. नुसतं कर्जत टाकून शोधलं तर एकाची माहिती दुसऱ्याला चिकटायला वेळ लागत नाही.

दुसरी गंमत जिल्ह्याची. रायगड जिल्हा हे नाव १९८१ पासूनचं. त्याआधी तो कुलाबा जिल्हा होता. त्याहून मागे गेलात तर १८८२ चं इंग्रजी गॅझेटियर कर्जतची माहिती ठाणे जिल्ह्याच्या खंडात देतं, कारण तेव्हा कर्जत ठाण्यात होतं. खालापूर तर तेव्हा स्वतंत्र तालुकाही नव्हता, कर्जतचाच भाग होता. म्हणजे जुन्या ग्रंथात रायगड जिल्हा असं शोधत बसलात तर हाताला काहीच लागणार नाही. किल्ले रायगड मात्र लागेल.

तिसरी गोष्ट उंबरखिंडीची. लढायांची नावं कोशात प्रत्येक वेळी मथळा म्हणून असतीलच असं नाही. तिथे माणसाच्या नावावरून जावं लागतं. शिवाजी महाराज, शायिस्तेखान यांच्या नोंदी आधी बघायच्या, तिथून काळ आणि साल पकडायचं आणि मग अस्सल साधनाकडे जायचं. उंबरखिंडीसाठी ते साधन म्हणजे कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य. त्यात या लढाईचं वर्णन आहे.

आणि इथेच कोशाची मर्यादाही कळते. शिवभारत छापून आलं १९२७ मध्ये, म्हणजे ज्ञानकोशाचं काम संपत आलेलं असताना. त्यामुळे जुन्या कोशात जे दिसेल तेच अंतिम, असं समजायचं नाही. जुन्या कोशातून शोध सुरू करायचा आणि नवं संशोधन बघून तो पूर्ण करायचा.

कर्जत तालुक्यातलीच कोंडाणे लेणी घ्या. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली ही बौद्ध लेणी सातवाहनांच्या काळातली. त्याच तालुक्यातला पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, मराठे आणि मुघल यांच्या झुंजीशी जोडलेला. खोपोलीचा तलाव नाना फडणवीसांच्या नावानं ओळखला जातो. एसटीनं एका दिवसात फिरता येईल एवढ्या भागात जवळपास दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो नीट लावून बघायचा तर कोणत्या राजवटीनंतर कोणती राजवट, हा क्रम हाताशी असावा लागतो. कोश तो क्रम देतो.

एडिथची झाली शीलवती

आता लंडनच्या एडिथकडे येऊ. केतकर भारतात परतले आणि दोन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. अखेर १९२० मध्ये एडिथ भारतात आल्या आणि दोघांचं लग्न झालं.

परधर्माची, परदेशी मुलगी त्या काळातल्या पुण्यात सून म्हणून कशी स्वीकारली जाणार? केतकरांनी यासाठी जुन्या ग्रंथांतला व्रात्यस्तोम हा विधी शोधून काढला. बाहेरच्या माणसाला आपल्या समाजात घेण्यासाठी त्याचा आधार घेतला. एडिथ हिंदू झाल्या, त्यांचं नाव शीलवती ठेवलं गेलं.

शीलवतीबाई नुसत्या ज्ञानकोशकारांची पत्नी म्हणून राहिल्या नाहीत. विंटरनिट्झ या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पंडितानं भारतीय वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिला होता. त्याचं इंग्रजी भाषांतर शीलवतीबाईंनी केलं. आजही भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना ते वापरावं लागतं. या जोडप्यानं दोन मुलं दत्तक घेतली. पुढे १९६९ मध्ये शीलवतीबाईंचं 'मीच हे सांगितले पाहिजे' हे आठवणींचं पुस्तक आलं. ज्ञानकोशाच्या मागे घर कसं चाललं, हे बघायचं असेल तर ते वाचायलाच हवं.

नाव मोठं, खिसा रिकामा

ज्ञानकोश पूर्ण झाला, पण त्यातून केतकर श्रीमंत झाले नाहीत. त्यांनी गुजरातीतही ज्ञानकोश काढायचा प्रयत्न केला. तो तडीस गेला नाही.

मधल्या काळात त्यांनी कादंबऱ्या लिहायला घेतल्या. गोंडवनातील प्रियंवदा, परागंदा, ब्राह्मणकन्या, विचक्षणा ही त्यातली काही नावं. या कादंबऱ्या वाचताना एखादा समाजशास्त्रज्ञ गोष्ट सांगतोय असं वाटत राहतं. परदेशात राहणारी मराठी माणसं, जातीबाहेरची लग्नं, अशा लग्नांतून झालेल्या मुलांना समाजात जागा कुठे, हे त्यांचे विषय. शंभर वर्षांपूर्वी मराठी कादंबरीत हे विषय आणणारा माणूस विरळाच. कादंबरीकार म्हणून त्यांच्या भाषेवर टीका झाली, ती खडबडीत आहे असं म्हटलं गेलं. पण विषयांचं नवेपण कुणी नाकारलं नाही.

१९३१ मध्ये हैदराबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३५ मध्ये 'प्राचीन महाराष्ट्र' या ग्रंथाचं सातवाहन पर्व आलं. कोंडाण्याच्या लेण्यांचा जो काळ, तोच या ग्रंथाचा विषय. महाराष्ट्राचा इतिहास मुळापासून लिहायचा त्यांचा विचार होता.

पण वेळ संपत आली होती. पैशाची ओढाताण होती आणि मधुमेहानं शरीर पोखरलं होतं. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात केतकर गेले. वय अवघं ५३.

केतकर गेले, कोश थांबले नाहीत

ज्या वर्षी केतकर गेले त्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याच पुण्यात एक ग्रंथ छापून आला. 'भारतवर्षीय मध्ययुगीन चरित्रकोश'. कर्ते होते महामहोपाध्याय सिद्धेश्वरशास्त्री चित्राव.

मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या मराठी माणसासाठी हे एक महत्त्वाचं हत्यार. राजे, सरदार, संत, कवी, पंडित अशा माणसांच्या नोंदी त्यात अकारविल्हे मिळतात. एक मात्र लक्षात घ्यायचं. चित्रावशास्त्रींचं मध्ययुग शाळेच्या पुस्तकातल्या मध्ययुगापेक्षा खूप लांबलचक आहे. ते मौर्यांपासून सुरू होतं आणि १८१८ ला पेशवाई संपते तिथे थांबतं. प्राचीन काळासाठी त्यांचा १९३२ चा कोश वेगळा आणि पुढच्या काळासाठी १९४६ चा अर्वाचीन चरित्रकोश वेगळा.

केतकरांच्या कचेरीतले दाते आणि कर्वे आठवतात ना? त्यांनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. सात खंड. जुन्या पत्रांत, बखरींत एखादा शब्द अडला की अभ्यासक आजही तो उघडतात.

गोव्यात जन्मलेल्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी १० खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' केला. सण, व्रतं, देवस्थानं, पंथ, कला हे सगळं त्यात आहे. मध्ययुगातल्या लोकांचं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर लढायांइतकंच हेही लागतं. आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारनं मराठी विश्वकोशाचं काम हाती घेतलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत बसले आणि १९७६ मध्ये पहिला खंड आला.

केतकरांनी काढलेली कंपनी काळाच्या ओघात गेली. पण मराठीत एवढा मोठा कोश होऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी एकदा करून दाखवली होती. पुढच्या प्रत्येकाला, हे होईल का, या प्रश्नानं सुरुवात करावी लागली नाही.

आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं केतकरांचा ज्ञानकोश इंटरनेटवर आणलाय. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. ज्यासाठी केतकरांना गावोगाव वर्गणी मागत फिरावं लागलं, ते आता मोबाईलवर फुकट उघडतं. त्यातली भाषा जुनी आहे, काही माहिती मागे पडली आहे, काही मतं आज पटणारही नाहीत. तरी एखाद्या किल्ल्याची, लढाईची, लेण्याची पोस्ट पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटं काढून तिथे बघता येतं. ही दोन मिनिटांची सोय मराठी माणसाला मिळावी, म्हणून एका माणसानं आयुष्याची १२ वर्षं दिली होती.